अठरावं नाव

टीमशीटवर 18 नावं. गेल्या महिन्यात 17 लिहून झाली आणि माझं पेन अडलं. राहिलेली जागा अण्णाची की त्या 19 वर्षांच्या पोराची?

खडकीतल्या आमच्या हॉकी क्लबचा मी मॅनेजर. म्हणजे बिब्स धुवायच्या, नेहरूनगरच्या टर्फचे पैसे भरायचे आणि कोणाला बसवायचं ते सांगायचं. पहिल्या दोन कामांत कोणी आडवं येत नाही.

अण्णा 41 चा. किती वर्षं आमचा सेंटर हाफ आहे ते मोजायचं मी सोडलंय. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे फाउलबद्दल गोलची आयती संधी मिळते तेव्हा, बेसलाइनवरून त्याचा पुश अजून असा सरळ जातो, की चेंडू थांबवणाऱ्या स्टॉपरला स्टिक हलवावी लागत नाही. पण समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला, की अण्णा वळेपर्यंत तो डीमध्ये, गोलपुढच्या अर्धवर्तुळात, पोचलेला. 'मग फक्त कॉर्नरपुरता उतरवा ना,' असं सल्लागार म्हणतात. एरवी हॉकीत कितीही वेळा आत-बाहेर करा, पण कॉर्नर मिळाला की तो संपेपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. नियमच तसा आहे.

मागच्या वर्षी मी भिडेखातर त्याला खेळवलं. तेव्हाचं पोर चारही क्वार्टर पाण्याच्या बाटल्या भरत बसलं. सीझन संपल्यावर दुसऱ्या क्लबात गेलं आणि यंदा आमच्याच विरुद्ध दोन गोल मारून गेलं. चूक माझी, पोराची नाही.

खडकीत कोणालाही वगळा, लोक इथल्याच धनराज पिल्लेवर येतातच. 1998 ला बँकॉकमध्ये त्याच्या कप्तानीत भारताला 32 वर्षांनी एशियाडचं सोनं आलं, आणि नंतर तो आणि आणखी काही जण संघाबाहेर. कारण काय, तर म्हणे विश्रांती! मॅच फीबद्दल तोंड उघडलं म्हणून, हे आमच्याकडे पानवालाही सांगेल. त्याला मी नवा संघ बांधणं म्हणत नाही, तो सूड होता. पण तेव्हापासून म्हाताऱ्या खेळाडूला हात लावला की मॅनेजरच खलनायक.

मला भारताचा गोलकीपर श्रीजेश याचं प्रकरण जास्त पटतं. 2023 मध्ये बऱ्याच मॅचेसना तो आणि कृष्ण पाठक क्वार्टर वाटून गोलात उभे राहायचे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला 16 जणांत गोलकीपर एकच, तो श्रीजेश, पाठक राखीव. ब्राँझ आलं, श्रीजेश थांबला, सीनियर संघात त्याची 16 नंबरची जर्सी बंद झाली आणि तो ज्युनियरांचा कोच झाला. सगळं छान. फक्त पाठक तोवर 27 चा झाला होता, ते कोणाच्या भाषणात आलं नाही.

तर मी अण्णाला टपरीवर गाठलं. यादी लावायच्या आधी, एकट्याला. म्हटलं, "यंदा तू नाहीस. कॉर्नरची पोरं तू तयार कर."

त्याने कटिंग संपवला. "व्हॉट्सॲपवर टाकलं असतंस तरी चाललं असतं," म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला.

शनिवारी टर्फवर माझ्या आधी हजर. पोराच्या स्टिकची जुनी ग्रिप सोलून नवी गुंडाळत होता, दातात टेप धरून. माझ्याकडे बघितलं नाही.