आजींनी ‘यस’ करून टाकलं होतं

ऑक्टोबर २०१० ची गोष्ट आहे. मी तेव्हा कॅलिफोर्नियात प्रॉप २३ (म्हणजे प्रपोझिशन, ज्यावर मतदार थेट ‘यस’ किंवा ‘नो’ असं मत देतात असा प्रस्ताव) च्या विरोधातल्या कॅम्पेनमध्ये नोकरीला होते, म्हणजे आठवडाभर फोन आणि शनिवार-रविवार व्हॉलंटियर्सना घेऊन दारोदार फिरायचं. त्या शनिवारी आम्ही मार्टिनेझला होतो, रिफायनरीचं गाव. माझं बालपण चेंबूरचं, त्यामुळे रिफायनरीशेजारी राहणं म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रकरण असं होतं की २००६ ला श्वार्झनेगर गव्हर्नर असताना एबी ३२ नावाचा हवामानाचा कायदा झाला, २०२० पर्यंत राज्याचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणायचं. तो थांबवायला हे प्रॉप २३ आणलं आणि त्यामागे सगळ्यात जास्त पैसा व्हॅलेरो आणि टेसोरोचा, दोन्ही टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या तेल कंपन्या. नाव दिलं कॅलिफोर्निया जॉब्स इनिशिएटिव्ह! कायदा रद्द करा असं नाही म्हणायचं, फक्त स्थगित, तेही बेरोजगारी सलग ४ तिमाही ५.५ टक्के किंवा त्याखाली येईपर्यंत. तेव्हा ती होती १२ टक्क्यांच्या वर.

सकाळी एका घरी रिफायनरीत काम करणारा माणूस भेटला. आधी चिडलाच, म्हणाला माझी नोकरी गेली तर तुम्ही देणार का. मी वाद घातला नाही, त्याची भीती खरी होती. फक्त ती ५.५ ची अट वाचून दाखवली. तो दारात उभ्या उभ्या मागची वर्षं मोजायला लागला, मग म्हणाला, म्हणजे हे जवळपास कायमचंच बंद की. मत काय देणार ते सांगितलं नाही, पण कागद ठेवून घेतला.

दुपारी एक आजी भेटल्या. ऐंशीच्या असतील, नातवाला दमा, हातात त्याचा इनहेलर. प्रॉप २३ म्हटल्यावर इतक्या खूश झाल्या, हो हो, मी ‘यस’ करून कालच पोस्टात टाकलं, स्वच्छ हवेसाठी. मला काय बोलावं कळेना. कायदा वाचवायचा तर ‘नो’ करायचं होतं, आणि पोस्टाने गेलेलं मत परत घेता येत नाही. खोटं बोलणं जमेना म्हणून हळू आवाजात सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग आत जाऊन डायरी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर मैत्रिणींना एकेक करून फोन लावायला लागल्या. ७ फोन केले त्यांनी. मी तिथंच पायरीवर बसून होते, पुढची सगळी घरं राहिली तरी उठवेना.

संध्याकाळी ऑफिसला जाऊन पहिलं काम स्क्रिप्ट बदलायचं केलं. तोपर्यंत आम्ही सुरुवात तापमानवाढीने करायचो, रीगनचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ पण आमच्या बाजूने आहेत हे सांगायचो, ते सगळं खाली ढकललं. पहिलं वाक्य एकच, हवेचा कायदा ठेवायचा असेल तर ‘नो’.

२ नोव्हेंबरला ६१ टक्क्यांच्या वर ‘नो’ पडले. ऑफिसात लोक रडत होते, मी पण. आणि त्याच रात्री प्रॉप २६ पास झालं, ज्यामुळे प्रदूषण करणाऱ्यांवर बऱ्याचशा नवीन फी लावायला विधिमंडळात दोन तृतीयांश मतं लागायला लागली, त्यामागेही तेलाचा पैसा होता. मार्टिनेझमध्ये अख्खा दिवस फिरून मी त्याबद्दल एका दारातही बोलले नव्हते.