फळी फिरवल्यावर

"मॅडम, हे मासे कुठल्याच हिशेबात बसत नाहीयेत." विद्यार्थिनीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

ईस्टर बेटाच्या, म्हणजे रापा नुईच्या, रोंगोरोंगो लिपीतली 'मामारी' ही फळी आम्ही फोटोंवरून नोंदवत होतो. मूळ फळी रोमला एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या संग्रहात आहे. लाकूड भेंडीच्या झाडाचं, भाजीच्या भेंडीचं नव्हे. आपल्या कोकण किनाऱ्यावर वाढते तीच भेंडी. हे कळल्यापासून ती फळी मला परकी वाटत नाही.

ही लिपी आज कुणालाच वाचता येत नाही. १८६२ पासून पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी बेटावरची माणसं पळवून नेली, मागोमाग देवीची साथ आली, आणि जाणकार गेले. तरी मामारीवरच्या दोन-अडीच ओळींत चांद्रमास आहे, हे जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी ओळखलं. चंद्रकोरींची रांग, मध्ये पौर्णिमा, आणि कोरींच्या प्रत्येक गटाआधी येणारा ठरावीक चिन्हसमूह. त्याच्या शेवटी दोरीला लटकलेला मासा. भाषाअभ्यासक झाक गी यांनी १९९० मध्ये मांडलं, की चंद्र वाढताना माशाचं डोकं वर असतं, पौर्णिमेनंतर खाली. आमच्या तक्त्यात मात्र वर-खाली सगळी सरमिसळ.

अर्धा तास मी चिन्हांचे क्रमांक ताडून पाहिले. ते बरोबर होते. मग फोटोकडे नीट पाहिलं आणि चूक कळली. रोंगोरोंगोत एक ओळ संपली की फळी उलटी फिरवून पुढची वाचायची; एकाआड एक ओळ डोक्यावर उभी असते. चांद्रमास ज्यांत पसरलाय त्या सहा ते नऊ या चारही ओळी तिने फोटो सरळ धरूनच नोंदवल्या होत्या. पहिल्याच दिवशी हे मी तिला हातात कागद देऊन दाखवायला हवं होतं.

फोटो छापून तिच्यापुढे ठेवला. "ओळ संपली की फिरव." तिने फिरवला, पुन्हा फिरवला. मासे वर, वर, वर. पौर्णिमेची आकृती गेली आणि मासा खाली. ती बोलायची थांबली. माझ्याही अंगावर काटा आला. कोरणाऱ्याच्या हाताची हालचाल आमच्या हातात आली होती.

त्याच भरात ती म्हणाली, "मॅडम, दोन्ही बाजू मिळून ओळी २८ आहेत. गींच्या मांडणीत महिन्याच्या नेहमीच्या रात्रीही २८!"

क्षणभर मलाही मोह झाला. पण कोरींच्या मोजणीला बाहेरचा साक्षीदार आहे. १८८६ साली बेटावर आलेले अमेरिकी नौदलातले विल्यम थॉमसन यांनी बेटावरच्या लोकांकडून रात्रींची नावं लिहून घेतली: कोकोरे ताही, कोकोरे रुआ, कोकोरे तोरू, म्हणजे नुसत्या आकड्यांनी ओळखायच्या रात्री, पौर्णिमेची ओमोतोही, आणि गरजेप्रमाणे धरायच्या होतू नि हिरो. आपल्या पंचांगात तिथीची वृद्धी होते, क्षय होतो, तशी चंद्राशी मेळ घालायची ही त्यांची सोय. रात्रींची ही यादी आणि कोरलेल्या कोरी एकमेकींना धरून आहेत, म्हणून मी तिथे 'पंचांग' हा शब्द वापरते. ओळींच्या संख्येला असा आधार कुठला? ती लाकडाच्या रुंदीवर आणि चिन्हांच्या उंचीवरही ठरते.

हे तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. कोरी मोजता येणं वेगळं, त्यांच्या आधी काय लिहिलंय ते वाचता येणं वेगळं.

तिने शेऱ्यात लिहिलं, 'ओळी २८. अर्थ लावलेला नाही.' मग फोटो उलटा फिरवून दहावी ओळ घेतली.