जुन्या दप्तराचं ओसीआर: नौपाड्यातल्या सोसायटीच्या कागदांचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचं दप्तर संगणकावर शोधता यावं म्हणून मी टेसरॅक्ट हे ओसीआरचं, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं, सॉफ्टवेअर मराठी डेटा फाइलसह चालवलं. सातबाऱ्याचे उतारे, टाइप केलेली इतिवृत्तं आणि छापखान्याच्या जुन्या खिळ्यांवर (धातूच्या टाइपांवर) छापलेले पोटनियम, असा तिहेरी माल होता.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आधीच बाजूला काढले. फोटो लहान होताना पहिला बळी अनुस्वार आणि रफार यांचा जातो. फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, म्हणजे ए-फोर पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं येतं. बारीक टाइपाला ४००. स्कॅन ग्रेस्केलच करा. थेट काळंपांढरं केलं की पावसाळी ओलीचे पिवळे डागही काळे होतात आणि अक्षराला चिकटतात. पान तिरकं असेल तर आधी सरळ करून घ्या.

छापील पोटनियमांत शिरोरेखा जागोजागी तुटलेली होती, त्यामुळे ‘ख’चा ‘रव’ झाला. ‘घ-ध’, ‘भ-म’, ‘ष-प’ यांची अदलाबदल तर नेहमीचीच. ‘घर’चं ‘धर’ झालं की शुद्धलेखन तपासणीही काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

खरा धोका आकड्यांत आहे. मराठीबरोबर इंग्रजी भाषा जोडली की देवनागरी १ हा इंग्रजी नऊ म्हणून वाचला जातो. सातबाऱ्यावरचं ०.१२.५० हे क्षेत्र टिंबं गळून ०१२५० होतं, आणि चौकटीच्या उभ्या रेघा काना होऊन शब्दांना लागतात. म्हणून तक्त्याचे रकाने वेगळे कापले, इंग्रजी काढून टाकली, टेसरॅक्टची पान-विभागणी (पीएसएम) ६ वर, म्हणजे मजकुराचा एकच सलग ठोकळा धरून, ठेवली आणि एका ओळीच्या तुकड्याला ७ दिली. तरीही प्रत्येक आकडा दोघांनी ताडून पाहिला: एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्कॅनवर बोट ठेवायचं. यात कसूर नको, जमिनीचा कागद आहे.

यांखेरीज असलेले हस्तलिखित फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) हाताने टाइप केले; तिथे टेसरॅक्ट वापरणं म्हणजे वेळ घालवणं. युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर नुसती इंग्रजी अक्षरं येतात. अशा फाइलची पानं चित्र म्हणून काढून पुन्हा ओसीआर करावं लागतं.

शेवटी स्कॅनमागे मजकूर ठेवणारी पीडीएफ केली. तिच्यात ‘खरेदीखत’ सापडलं नाही, तर ‘ख’चा ‘रव’ झाला असेल; नुसतं ‘रेदी’ टाकून बघा.