सिमेंटच्या पत्र्याखालचं श्रुतलेखन

लग्नसराईत मंडपाला साउंड लावायचं माझं मूळ काम. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटून पाऊस लागला की ते थांबतं आणि शाळांची कामं येतात: वर्गासाठी वायरलेस माइक, छोटा अ‍ॅम्प्लिफायर, भिंतीवर स्पीकर. पारोळा आणि एरंडोलच्या मधल्या एका शाळेतला जुलैमधला दिवस त्यातला.

पाचवीचा वर्ग. वर सिमेंटचे पत्रे, खाली फरशी, चार पंखे, आणि कंपाउंडला लागून धुळे-जळगाव महामार्ग. मॅडमचा घसा कायमचा बसलेला. डॉक्टरांनी ओरडू नका म्हणून सांगितलं होतं, पण भरलेल्या वर्गात न ओरडता शिकवणार कसं?

शाळेने आधी एक ट्रॉली स्पीकर आणून फळ्याखाली ठेवला होता, ब्लूटूथवर. त्यात आवाज सेकंदाचा दहावा हिस्सा, कधी त्याहूनही उशिरा निघतो. स्वतःचाच शब्द मागून कानावर आला की मॅडम अडखळायच्या. शिवाय त्या स्पीकरसमोर गेल्या की शिट्टी.

"भाऊ, जास्त वॅटचा लावून द्या," मुख्याध्यापक म्हणाले. "मागची पोरं तशीही कच्ची आहेत, त्यांना दणदणीत ऐकू गेलं पाहिजे."

मी मॅडमना आधी माइकशिवाय श्रुतलेखन घ्यायला सांगितलं. पाट्या गोळा केल्या. पुढच्या बाकांचं ठीक होतं. मागे 'साठ'चं 'सात' झालेलं, 'फळ'चं 'पळ'. काना-मात्रा बहुतेक बरोबर, चुकली होती ती व्यंजनं.

स्वरांत जोर असतो, ते लांबवर जातात. स, श, फ यांचा जोर थोडा, तोही वरच्या फ्रिक्वेन्सीत, त्यामुळे पंखे-ट्रकांच्या गोंगाटात हेच आधी बुडतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे १ मीटरवरून ८ मीटरवर गेलं की १८ डेसिबल. खोलीत तो एवढा पडत नाही, पण मागे पोचतो तो बराचसा भिंतींवर आपटून आलेला, एकात एक मिसळलेला. वॅट वाढवले की ती मिसळणच वाढते.

आपल्यासारख्या मोठ्या माणसाला ओळखीच्या शब्दातलं हुकलेलं अक्षर मनाने भरून घेता येतं. पण घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराला पुस्तकातला शब्द त्या दिवशी पहिल्यांदा भेटतो. त्याने कुठून भरायचं? अशी किती मुलं 'कच्ची' म्हणून मागे बसली असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटलं.

ट्रॉली बाजूला केला. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चार लहान स्पीकर लावले, सगळे हळू आवाजात. मॅडमना कॉलर माइक न देता डोक्याला लावायचा दिला. फळ्याकडे वळलं की कॉलर माइकचा आवाज पडतो. माइक तोंडाशेजारीच असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर कमी ठेवता आला आणि शिट्टी गेली. सेट ब्लूटूथचा न घेता यूएचएफचा, म्हणजे थेट रेडिओ लहरींवर आवाज पाठवणारा घेतला, तिथे उशीर जाणवत नाही. शेजारच्या वर्गात पुढे माइक बसवाल तेव्हा फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवा, नाहीतर तिथलं गणित इथे ऐकू येईल, हेही सांगून ठेवलं. शेवटच्या बाकापाशी शिक्षकाचा आवाज गोंगाटाच्या १५ डेसिबल वर राहिला पाहिजे; आवाज मोजायचा मीटर धरून मी प्रत्येक बाकापाशी फिरलो. मुसळधार सर पत्र्यावर कोसळते तेव्हा मात्र कुठलाच सेट पुरत नाही. तेवढा वेळ मुलांना लिहायचं काम द्या, असं मॅडमना स्पष्ट सांगितलं.

दुपारी नवे शब्द घेऊन पुन्हा श्रुतलेखन झालं. मॅडम घरात बोलाव्यात तशा बोलत होत्या. मागच्या पाट्यांवर एखाद-दुसरी चूक राहिली, पण ती पुढच्या बाकांवरही होती. शेवटच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "मॅडम मना जोडेच उभ्या शेतस असं वाटस." म्हणजे मॅडम माझ्याजवळच उभ्या आहेत असं वाटतं. मुख्याध्यापकांनी ते ऐकलं. त्यांनी तिची सकाळची पाटी मागवली, दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि पुढचा सेट दहावीला लावू म्हणाले, बोर्डाचं वर्ष म्हणून.

मी हट्टच धरला. "सर, दहावीच्या पोरांना अर्धा शब्द ऐकून पूर्ण करता येतो. पहिलीच्या लेकरांना नाही येत. आणि सर्दीने कान भरलेली मुलं तिथेच जास्त." मॅडमनीही माझी बाजू घेतली. पैसे संस्थेचे, निर्णय मीटिंगमध्ये व्हायचा होता. पण निघण्याआधी सर मला पहिलीच्या वर्गात घेऊन गेले आणि भिंतींची मापं घ्यायला लावली.