कणांना जागा दिली आणि कर्टोसिस निम्म्यावर आला: नोंद चौथी

मागच्या नोंदीपर्यंत माझ्या गणितातले हॅड्रॉन (अणुकेंद्रांच्या टकरींत निघणारे, क्वार्कांचे बनलेले प्रोटॉन-पायॉनसारखे कण) बिंदूएवढे होते, एकमेकांतून आरपार जाणारे. या खेपेस त्यांना आकार दिला.

सुरुवात कणांच्या सरासरी संख्येपासून केली आणि तिथे फारसं काही हाती लागलं नाही. सगळ्या कणांना एकच त्रिज्या दिली की प्रत्येकाची घनता जवळजवळ एकाच गुणकाने घटते, आणि पायॉन-प्रोटॉनसारखी गुणोत्तरं काढताना तो गुणक कटून जातो. म्हणून एलएचसीवरच्या (सर्नच्या मोठ्या कण-त्वरकावरच्या) शिसे-शिसे टकरींतल्या गुणोत्तरांवरून निघणारं साधारण १५६ एमईव्ही (ऊर्जेचं एकक, इथे तापमानही त्यातच मोजतात) तापमान एवढ्याने हलत नाही. त्रिज्या वेगवेगळ्या धरल्या तर हलतं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आकार दिसतो तो चढउतारांत. दर टकरीत प्रोटॉनांची संख्या थोडी वेगळी येते. कण बिंदू असतील तर ही संख्या पॉयसाँ वाटपाने पसरते, म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी मोजताना पसरते तशी. वाटपाचा आकार सांगणाऱ्या आकड्यांना क्युम्युलंट म्हणतात: पहिला सरासरी, दुसरा व्हेरिअन्स म्हणजे पसाऱ्याचं माप, आणि असेच पुढचे. मग व्हेरिअन्स भागिले सरासरी, तिसरा क्युम्युलंट भागिले दुसरा, चौथा भागिले दुसरा (हेच कर्टोसिसचं गुणोत्तर), ही तिन्ही गुणोत्तरं बरोब्बर १ येतात.

तपासायला मी सगळ्यात सोपी गोष्ट निवडली: एका रेषेवर ठेवलेल्या काड्या. एका काडीच्या सुरुवातीपासून पुढच्या काडीच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर म्हणजे काडीची लांबी अधिक एक घातांकी यादृच्छिक संख्या. दहा-बारा ओळींचा कोड, आणि याचं उत्तर कागदावरही नेमकं निघतं. काड्यांनी रेषेचा ५ टक्के भाग व्यापलेला, खिडकीत, म्हणजे रेषेच्या मोजायच्या तुकड्यात, सरासरी २० काड्या. एक लाख घटनांत (कोडच्या फेऱ्यांत) तिसरं गुणोत्तर नुसतं भरकटत होतं, कधी ०.२ तर कधी ०.८. एक कोटी घटना घेतल्यावर ते ०.४८ ते ०.५० च्या आसपास स्थिरावलं. प्रयोगवाले इतक्या प्रचंड संख्येने टकरी का गोळा करतात ते त्या रात्री मला खऱ्या अर्थाने कळलं.

कागदावरचे आकडे असे: पहिलं गुणोत्तर ०.९०, दुसरं ०.८१, तिसरं ०.४९. जागा अडली फक्त ५ टक्के, आणि कर्टोसिसचं गुणोत्तर निम्मं झालं!

रेषेवरून तीन मितींत जाताना माझी एक चूक झाली. ०.३ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १०^-१५ मीटर) त्रिज्येच्या गोळ्याचं स्वतःचं घनफळ ०.११३ घन फेम्टोमीटर, आणि मी तेच काडीच्या लांबीच्या जागी सूत्रात घातलं. पण दोन गोळ्यांची केंद्रं व्यासापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत आणि ती बंदी दोघांत वाटली जाते, म्हणून कणामागे अडणारी जागा चौपट, ०.४५२. दर घन फेम्टोमीटरला ०.११ बॅरिऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जातीचे कण) धरले तर चुकीच्या घनफळाने तिसरं गुणोत्तर ०.८६ येतं, बरोबर घनफळाने ०.४९. चुकीच्या घनफळाचा माझा आलेख कोणी वापरला असेल तर कृपया तो टाकून द्या.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. आकार काढून टाकला, कण पुन्हा बिंदू केले, पण एकूण बॅरिऑन पक्के २०० ठेवले (टकरीत बॅरिऑनांची एकूण संख्या बदलत नाही, हे संवर्धन) आणि त्यातला दहावा हिस्सा मोजला. गुणोत्तरं आली ०.९०, ०.८०, ०.४६. आधीच्या तीन आकड्यांशेजारी ठेवून पाहा. कण कुठेच एकमेकांना अडवत नाहीत, तरी आकडे जवळजवळ तेच. कागदावर मांडलं तर मोजलेला हिस्सा अडलेल्या जागेच्या दुप्पट असला की पहिल्या पायरीपर्यंत, म्हणजे वर्ग आणि पुढची पदं सोडली तर, दोन्ही परिणाम हुबेहूब जुळतात. अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या आरएचआयसी त्वरकावर स्टार या प्रयोगगटाने सोन्याच्या टकरींत क्रांतिक बिंदूच्या (हॅड्रॉनांतून सुट्या क्वार्कांत होणारं अचानक रूपांतर जिथे संपतं असं मानतात त्या बिंदूच्या) शोधासाठी नेमकं हेच तिसरं गुणोत्तर मोजलं आहे. तिथला आकडा १ च्या खाली दिसला की माझं मन लगेच आकाराकडे धावायचं, ते आता थांबवलं आहे.

आकार आणि संवर्धन यांचे परिणाम वेगळे करायचा एक मार्ग दिसतो: खिडकी रुंदावणं. काड्यांचं वर्तुळ करून एकूण संख्या पक्की ठेवली, तर दहाव्या हिश्शाला पहिलं गुणोत्तर ०.९ गुणिले ०.९०, म्हणजे सुमारे ०.८१ यायला हवं, आणि तीन दशांश हिश्शाला ०.६३. संवर्धनाचा गुणक खिडकीबरोबर घसरतो, आकाराचा जागच्या जागी राहतो. अडचण अशी की प्रयोगातली खिडकी संवेगाची असते, जागेची नाही, आणि कणांची औष्णिक गती दोन्हींतला संबंध पुसट करते. त्यामुळे पुढच्या खेपेस प्रत्येक काडीला यादृच्छिक वेग देऊन खिडकी वेगावर लावणार आहे. वर्तुळाचा कोड तयार आहे, आज रात्री पहिल्या एक कोटी घटना लावतो.