112 वर अडकलेला पंप

दिवस राहिल्याचे कळले, त्याच आठवड्यात मी दम्याचा रोजचा पंप कपाटात ठेवून दिला आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. पोटातल्या बाळाला स्टेरॉइड नको, एवढाच विचार त्यामागे होता. पाचव्या महिन्यात उशांना टेकून बसून रात्री काढाव्या लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी पंप मागून घेतला आणि त्याच्या पाठीवरचा उरलेल्या मात्रांचा आकडा पाहिला. 120 मात्रांच्या त्या पंपाचा आकडा 112 वर अडकलेला होता. चोरी पकडली गेली.

त्यांनी रागावण्याऐवजी हिशेब मांडला. पंपातले ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड एका मात्रेत साधारण 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम असते आणि ते मुख्यतः श्वासनलिकांतच काम करते. रक्तात फार थोडे उतरते. दमा चिघळला की मात्र प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत घ्याव्या लागतात. दोन्ही औषधे वेगळी असल्याने ही तुलना काटेकोर नाही, तरी मी नेमके काय टाळत होते आणि कशाला आमंत्रण देत होते, हे मला त्या दोन आकड्यांवरून कळले. गर्भातल्या बाळाला आईच्या रक्तातूनच प्राणवायू मिळतो, त्यामुळे आईचा दम कोंडला की त्याचाही पुरवठा घटू शकतो. आटोक्यात नसलेल्या दम्यात अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाचे कमी वजन आणि आईला प्रीएक्लॅम्प्सिया (गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर विकार) यांचा धोका वाढतो. गर्भारपणात सर्वाधिक अभ्यासले गेलेले श्वासावाटेचे स्टेरॉइड म्हणजे ब्युडेसोनाइड, आणि नेहमीच्या मात्रेत त्यामुळे जन्मजात व्यंगे वाढल्याचे दिसलेले नाही.

गोळ्यांविषयी मात्र इतके सरसकट बोलता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत त्या घेतल्यास बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याची शक्यता किंचित वाढते, असे काही जुन्या अभ्यासांत आढळले होते. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध सातत्याने दिसला नाही. दीर्घकाळ घेतल्यास आईची साखर आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. तरीही तीव्र झटक्यात गोळ्या नाकारणे हाच मोठा धोका असतो. शिवाय वारेतले (प्लासेंटातले) एक विकर, म्हणजे एन्झाइम, प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग निष्प्रभ करते, त्यामुळे बाळापर्यंत त्याचा साधारण दहावा हिस्साच पोहोचतो. गंमत म्हणजे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला बीटामेथासोन हे स्टेरॉइडच टोचतात, ते वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते म्हणूनच.

मी पंप पुन्हा सुरू केला, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून आणि नंतर चूळ भरून. बाळंतपणाच्या कागदांवर डॉक्टरांनी ठळक अक्षरांत ‘दमा’ असे लिहिले, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे कार्बोप्रोस्ट दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आवळू शकते.