पोराची पहिली गाडी
पोरगं अठराचं झालं, लायसन आलं. आज बापलेक विजापूर रोडला २०१५ ची पोलो बघून आलो. मला आपली साधी अल्टो चालली असती. पण पठ्ठ्या तयारीनिशी आलेला: २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या (गाडी धडकवून सुरक्षा तपासतात त्या) चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य स्टार, दोन एअरबॅगवालीला चार! (बारावीला एवढा अभ्यास केला असता तर...) दार लावलं की तिजोरीसारखा 'धप्प' आवाज, तिथं मीही विरघळलो.

मिस्त्री मात्र इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली बोटानं पुसत बसले. "साहेब, गाडी दणकट हाय. पण सोलापूरचं ऊन, अन् पार्ट पुण्याहून येणार."

सर्व्हिसची कागदं मागितली, तर विकणाऱ्यानं चहा मागवला.

टोकन दिलं नाही. पोरगं फुगलंय, पण कडक भाकरी-शेंगाचटणी तेवढी संपवली.